विश्लेषण : ऑनलाइन खेळांतील ‘कॅरेक्टर’ आले कुठून?
शिकागोत १९३८ साली जन्मलेल्या गॅरी गायगॅक्स यांची विमा क्षेत्रातील नोकरी १९७० मध्ये गेली. मग लेक जिनिव्हा या गावी घरातच जोडे दुरुस्त करायचे आणि युद्धखेळांचे नियम लिहायचे, असा दिनक्रम. १९७४ मध्ये डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. पहिल्या प्रती जेमतेम १,०००. तीन फासे टाकून पात्राचे बळ, बुद्धी, चपळाई ठरवायची, मग योद्धा व्हायचे की जादूगार ते निवडायचे. ऑनलाइन खेळांनी हीच रीत उचलली. मानधनावरून आर्नेसन न्यायालयात गेले. १९८५ मध्ये गायगॅक्स यांच्या हातून कंपनीही निसटली. २००८ मध्ये ते वारले. त्याच खेळाच्या ऑनलाइन अवतारात त्यांचे स्मारक आहे. एका मोहिमेचे निवेदनही त्यांच्याच आवाजात.