अर्धवट व्यवहाराचा शत्रू : जिम ग्रे

महिनाअखेर आली की हॉस्टेलवर सगळ्यांचं लक्ष घरून येणाऱ्या पैशांकडे असतं. समजा, बाबांच्या खात्यातून दोन हजार वजा झाले आणि आपल्या खात्यात जमा व्हायच्या आत बँकेचा सर्व्हर बंद पडला. पैसे गेले कुठे? मित्रांनो, आज असं होत नाही, कारण एका माणसाने या प्रश्नाचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. त्यांचं नाव जिम ग्रे.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. बर्कले विद्यापीठातून १९६६ मध्ये पदवी आणि १९६९ मध्ये पीएच.डी. तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची ती पहिलीच पीएच.डी.! पुढे ते आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत आले. कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली होती, पण ती कागदावर होती. ती चालवून दाखवायची म्हणून तिथे सिस्टिम आर हा प्रोजेक्ट चालू झाला. आपल्याला लॅबमध्ये छळणारी एसक्यूएल याच प्रोजेक्टमधली.

ग्रे यांच्याकडे आलं ते न दिसणारं काम. एका वेळी शंभर जण एकच डेटा वापरत असतील तर गोंधळ कसा टाळायचा, आणि मध्येच लाईट गेली तर काय करायचं? उत्तर म्हणजे ट्रॅन्झॅक्शन. काम झालं तर पूर्ण झालं, नाहीतर झालंच नाही. मधली अवस्था नाही. त्यासाठी प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, मग डेटाच्या पानावर. मशीन पुन्हा सुरू झालं की लॉग वाचायचा, कमिट झालेली कामं पुरी करायची आणि अर्धवट राहिलेली पुसायची.

सिस्टिम आरमध्ये आणखी एक युक्ती होती, रेमंड लोरी यांची. पान बदललं की जुनं पान खोडायचं नाही, नवीन दुसरीकडे लिहायचं. जुनं सावलीसारखं मागे राहतं. १९८१ च्या पेपरमध्ये ग्रे आणि सहकाऱ्यांनी सरळ लिहून टाकलं, की मोठ्या फाइल्सना ही सावली महाग पडते, नुसता लॉगच बरा. स्वतःच्या प्रोजेक्टमधली उणीव अशी छापायला धाडस लागतं.

गंमत म्हणजे जुनं न खोडण्याची अशीच युक्ती पुढे स्टोरेजच्या जगात रुजली. तिला आपण स्नॅपशॉट म्हणतो. बँकेच्या चालू डेटाबेसवर नवीन प्रोग्रॅम टेस्ट करणं म्हणजे चालत्या एस.टी.चं चाक बदलणं. आणि दोन टेराबाइटची कॉपी करायची तर तासन् तास जातात. स्नॅपशॉटमध्ये डेटा हलतच नाही, फक्त कुठला ब्लॉक कुठे आहे त्याचा नकाशा त्या क्षणाला गोठवतात. त्यावरून लिहिता येईल असा क्लोन बनवला की काही मिनिटांत टेस्टिंगवाल्यांच्या हातात पूर्ण डेटाबेस! जागा लागते ती फक्त नंतर बदललेल्या ब्लॉक्सना.

पण हा फोटो चालू कामाच्या मधोमध काढलेला असतो. क्लोनला वाटतं, आत्ताच लाईट गेली होती. मग तो लॉग वाचतो, अर्धवट कामं पुसतो आणि शहाण्यासारखा उभा राहतो. म्हणजे इथे ग्रे यांचंच काम कामी येतं. अट एकच, डेटा आणि लॉग यांचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. दोन वेगळ्या वेळांचे घेतले तर क्लोन बिघडलेला निघू शकतो. आणखी दोन गोष्टी विसरू नका. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, कारण मूळ डिस्क गेली की तोही गेला. आणि त्या क्लोनमध्ये खऱ्या माणसांची नावं आणि खाते नंबर असतात. ते बदलल्याशिवाय टेस्टिंगला द्यायचे नसतात. तुमच्याआमच्या बाबांचं खातंही त्यात असू शकतं ना!

१९८० मध्ये ग्रे टँडम कंपनीत गेले. मशीन्स बंद का पडतात, यावर १९८५ मध्ये त्यांनी एक रिपोर्ट लिहिला. हार्डवेअरपेक्षा माणसांच्या देखभालीतल्या चुका आणि सॉफ्टवेअर जास्त दगा देतात, असं त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. शोधायला गेलं की गायब होणाऱ्या बग्सना त्यात त्यांनी हायझेनबग म्हटलंय. दहा ओळींच्या टेबलवर पास झालेला प्रोग्रॅम खऱ्या डेटावर का आपटतो, हे आपण प्रोजेक्टच्या वेळी बघतोच. म्हणून तर क्लोन पूर्ण आकाराचा हवा.

१९९५ मध्ये ते मायक्रोसॉफ्टमध्ये आले, १९९८ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. नंतर ते खगोलशास्त्रज्ञांत रमले. अ‍ॅलेक्स सालाय यांच्याबरोबर स्कायसर्व्हर उभा केला, आकाशाच्या सर्वेक्षणाचा डेटा सगळ्यांना खुला. त्याची साधारण एक टक्का आकाराची छोटी कॉपीसुद्धा काढली, लॅपटॉपवर चालणारी, म्हणजे विद्यार्थ्यालाही हात साफ करता यावा.

२८ जानेवारी २००७ रोजी आईच्या अस्थी समुद्रात सोडायला ते फॅरलॉन बेटांकडे एकटेच आपल्या शिडाच्या बोटीतून निघाले. हवा चांगली होती. ते परत आलेच नाहीत. कोस्ट गार्डने दिवसेंदिवस शोधलं. मित्रांनी सॅटेलाइटचे फोटो मिळवले आणि हजारो अनोळखी लोकांनी घरी बसून त्या फोटोंत बोट शोधली. ना बोट मिळाली, ना माणूस. शेवटी २०१२ मध्ये कोर्टाने त्यांना मृत घोषित केलं. ज्यांनी मधली अवस्था कधी चालू दिली नाही, त्यांच्या घरच्यांना पाच वर्षं त्याच अवस्थेत काढावी लागली. ना कमिट, ना रोलबॅक.

पुढच्या डीबीएमएस प्रॅक्टिकलला कमिट टाइप कराल, तेव्हा या माणसाची आठवण ठेवा. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बॅकअपही ठेवा, दुसऱ्या डिस्कवर.