सोलो नदीकांठचा संशोधक : डॉ. यूजीन द्युब्वा

जावा बेटांत सोलो नदीच्या कांठीं त्रिनिल नांवाचें एक खेडें आहे. तेथील एका कवटीच्या तुकड्यानें मानवजातीच्या प्राचीन इतिहासावर नवा प्रकाश पडला. तो शोध लावणाऱ्या डॉ. यूजीन द्युब्वा यांचें अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

द्युब्वा यांचा जन्म नेदरलंड्समधील आइस्डेन या गांवीं २८ जानेवारी १८५८ रोजीं झाला. वडील औषधविक्रेते होते. वैद्यकीचें शिक्षण संपवून ते आम्स्टरडॅम येथें शरीररचनाशास्त्राचे अध्यापक झाले. परंतु मानवाच्या अतिप्राचीन पूर्वजांचे अवशेष शोधावे, हा एकच ध्यास त्यांस लागला. या कामीं सरकारी पैसा मिळेना, तेव्हां १८८७ सालीं त्यांनीं नोकरी सोडली, वसाहतीच्या लष्करांत डॉक्टरची जागा पत्करली आणि पत्नी व तान्ह्या मुलीसह सुमात्रा गांठलें.

तेथील गुहांत मिळालेलीं हाडें पुरेशीं जुनीं नव्हतीं. हिंवतापानेंही त्यांस गांठलें. तरी धीर न सोडतां १८९० सालीं ते जावांत गेले. सोलोचें पाणी ओसरलें म्हणजे उघड्या पडलेल्या थरांत खणावयाचें, आणि पूर आला कीं थांबावयाचें, असा त्यांचा क्रम असे. १८९१ च्या सप्टेंबरांत एक दाढ, ऑक्टोबरांत कवटीचा वरचा भाग, आणि १८९२ च्या ऑगस्टांत कांहीं अंतरावर मांडीचें हाड सांपडलें. कवटी बसकी, भुंवयांवरचा कंगोरा जाड. मेंदूची जागा वानराच्या मानानें मोठी, पण आपल्या मानानें लहान. मांडीचें हाड मात्र माणसासारखें. यावरून १८९४ सालीं त्यांनीं या प्राण्यास ताठ चालणारा वानर-मानव या अर्थाचें नांव दिलें. आज शास्त्रज्ञ त्यास होमो इरेक्टस म्हणतात. तें मांडीचें हाड त्याचेंच कीं नाहीं, याविषयीं मात्र पुष्कळांस शंका आहे.

१८९५ सालीं ते मायदेशीं परतले. कोणी ती कवटी वानराची ठरवी, कोणी माणसाची. या वादानें द्युब्वा कष्टी झाले आणि पुढें त्यांनीं ते अवशेष कुलुपांत ठेवले. १९२३ पर्यंत इतर विद्वानांस ते पाहावयास मिळाले नाहींत. इतक्या श्रमानें शोधलेलें सत्य असें झांकून ठेवावें, ही त्यांच्या चरित्रांतील खेदाची गोष्ट होय. १६ डिसेंबर १९४० रोजीं ते निवर्तले.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. उन्हांत प्रत्यक्ष कुदळ चालविली ती सरकारनें दिलेल्या कैद्यांनीं. त्यांस या कीर्तींत वांटा मिळाला नाहीं. २०२५ सालीं नेदरलंड्स सरकारनें हा सर्व संग्रह, सुमारें २८,००० अवशेष, इंडोनेशियास परत देण्याचा निर्णय जाहीर केला. जें सोलोच्या कांठचें, तें त्या भूमीस मिळावें हें न्याय्यच होय.

विद्यार्थ्यांनीं द्युब्वा यांची चिकाटी अवश्य घ्यावी. परंतु लाभलेलें ज्ञान पेटींत न ठेवतां चारचौघांच्या परीक्षेस उतरूं द्यावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.