दत्तात्रय बळवंत पारसनीस

दत्तात्रय बळवंत पारसनीस (२७ नोव्हेंबर १८७० – ३१ मार्च १९२६) हे साताऱ्याचे इतिहाससंशोधक, चरित्रकार व ऐतिहासिक कागदपत्रांचे संग्राहक होते. मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्याबरोबरच त्यांनी सातारा, महाबळेश्वर, पन्हाळा, सांगली संस्थान व पुणे यांविषयी इंग्रजीत पुस्तके लिहिली. त्यांपैकी स्थलवर्णनपर पुस्तके या भागात येणाऱ्या प्रवाशांसाठी छापील मार्गदर्शिकाही ठरली.

लेखन व संपादन

पारसनीस यांनी तरुण वयातच लेखनास आरंभ केला. त्यांचे झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा ते चोवीस वर्षांचेही नव्हते. पुढे ब्रह्मेंद्रस्वामी व बायजाबाई शिंदे यांची चरित्रे आणि मराठ्यांच्या आरमारावरील ग्रंथ त्यांनी लिहिला. ‘महाराष्ट्र कोकिळ’, ‘भारतवर्ष’ व १९०८ मध्ये सुरू झालेले ‘इतिहाससंग्रह’ ही नियतकालिके त्यांनी चालविली. वाईजवळच्या मेणवली येथील नाना फडणवीस यांच्या दप्तरातील कागद मिळविणे, हे त्यांच्या संग्राहकवृत्तीचे मोठे यश मानले जाते. सी. ए. किंकेड यांच्यासमवेत लिहिलेला मराठ्यांचा इंग्रजी इतिहास १९१८ ते १९२५ या काळात तीन खंडांत निघाला. ब्रिटिश सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

स्थलवर्णनपर पुस्तके

‘सातारा’ हे पुस्तक १९०९ मध्ये, ‘महाबळेश्वर’ १९१६ मध्ये, ‘द सांगली स्टेट’ १९१७ मध्ये आणि ‘पूना इन बायगॉन डेज’ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले. यांपैकी सांगलीवरील पुस्तक हा मुख्यतः पटवर्धन घराण्याचा व संस्थानाचा परिचय आहे; महाबळेश्वरावरील पुस्तक मात्र तेथे जाणाऱ्या प्रवाशाला थेट उपयोगी पडणारे होते.

पुणे–मिरज रेल्वेमार्ग सुरू झाल्यानंतर महाबळेश्वरचे प्रवासी वाठार स्थानकावर उतरत व तेथून वाई, पाचगणीमार्गे घाट चढत. सातारा शहर लोहमार्गापासून काही मैल दूर होते, तर सांगलीसाठी मिरजेस गाडी बदलावी लागे. वेळापत्रकातून गाडी कोठे व केव्हा थांबते एवढेच प्रवाशास कळत असे. उतरल्यावर दिसणारा किल्ला कोणाचा, देवालय कोणी बांधले, हे सांगणारे पुस्तक वेगळेच लागे. ही उणीव पारसनीस यांनी भरून काढली. थंड हवेचे ठिकाण म्हणून महाबळेश्वरची उभारणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या नावाशी जोडली जात असली, तरी ती जागा साताऱ्याच्या छत्रपतींच्या मुलखातील होती. कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र आणि प्रतापगड यांचे महत्त्वही त्याहून पुष्कळ जुने होते. दप्तरे चाळलेल्या माणसाने लिहिल्यामुळे या पुस्तकांत स्थळाबरोबर त्याचा इतिहासही आला.

ही पुस्तके इंग्रजीत असल्याने मुख्यतः अधिकारी, संस्थानिक व इंग्रजी शिकलेला वर्ग यांच्यापुरतीच राहिली. वाठारला उतरणाऱ्या सामान्य मराठी यात्रेकरूच्या हाती ती पडण्याचा संभव थोडा होता. पारसनीस यांच्या कार्याची ही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे.

संग्रहालय व मृत्यू

जमविलेली कागदपत्रे, चित्रे व वस्तू यांसाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. १९२५ मध्ये त्याची इमारत पूर्ण झाली. परंतु पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पारसनीस यांचे निधन झाले. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेकडे नेण्यात आला. त्यामुळे तो सुरक्षित राहिला व अभ्यासकांना उपलब्ध झाला. मात्र सातारकरांना आपल्याच गावचे कागद पाहण्यासाठी पुणे गाठावे लागू लागले.

वारसा

छापील वेळापत्रके, नकाशे व स्थलपुस्तिका आता प्रवाशांच्या हातात क्वचितच दिसतात. त्यांची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. नकाशातील रस्ता बदलला की जुना नकाशा निरुपयोगी होतो. पारसनीस यांच्या पुस्तकांतील प्रवासाची माहितीही अशीच कालबाह्य झाली आहे. त्यांतील इतिहास, जुनी चित्रे आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या या गावांचे वर्णन मात्र अभ्यासकांना आजही उपयोगी पडते. प्रवाशासाठी लिहिलेली ही पुस्तके आता इतिहासाचीच साधने झाली आहेत.