टाटा सुमोला ज्यांचं नाव मिळालं, त्यांनी पुण्यात गाड्यांच्या आधी माणसं घडवली

हिंजवडीतल्या कंपनीत नवीन माणूस जॉइन झाला की पहिला दिवस लॅपटॉप, आयडी कार्ड आणि एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये जातो. यालाच ऑनबोर्डिंग म्हणतात. पण तो टिकणार की दुसरी ऑफर शोधणार, हे बरंचसं पुढच्या महिन्यांत ठरतं. काम कोण शिकवतं, अडल्यावर कोणाला विचारायचं, इथं आपलं भविष्य दिसतं का?

हिंजवडीत आयटी पार्क येण्याच्या तीसेक वर्षं आधी, शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये एका माणसाने हे ओळखलं होतं. सुमंत मूळगावकर. होय, ‘सुमो’ हे नाव त्यांच्याच नाव-आडनावावरून आलं.

जन्म १९०६ चा. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधून ते इंजिनिअर झाले, एसीसी या सिमेंट कंपनीत काम केलं आणि १९४९ मध्ये टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये आले. तेव्हा कंपनी जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवायची. १९५४ मध्ये ट्रकसाठी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार झाला. पण करार संपल्यावर काय? ट्रक स्वतः बनवायचे तर ते कसब इथल्या हातांत यायला हवं होतं.

१९६६ मध्ये पुण्याचा प्रकल्प सुरू झाला. तिथे पहिली व्यावसायिक गाडी तयार झाली थेट १९७७ मध्ये! मधल्या ११ वर्षांत भर होता तो गाडी बनवण्यासाठी लागणारी यंत्रं आणि डाय इथेच तयार करण्यावर, आणि अप्रेंटिस घडवण्यावर. उघड्या माळरानावर झाडं लावली, तळं केलं. कामाची जागाही माणसाला आपली वाटली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

हिशेब साधा होता. शिकवायला वेळ आणि पैसा लागतो, पण शिकलेला माणूस सोडून गेला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

१ जुलै १९८९ रोजी मूळगावकर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच कारखान्यातले कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. चांगल्या सुरुवातीने माणूस कंपनीशी जोडला जातो, पण पुढे पगार आणि संवाद बिघडला तर ते नातंही ताणतं.

म्हणूनच चाकण असो वा हिंजवडी, जॉइनिंग किट देऊन ऑनबोर्डिंग संपत नाही. तिथून ते सुरू होतं.