कै. शेठ वालचंद हिराचंद : एका कंत्राटदाराचे चरित्र

देवळाची पायरी चढताना ज्या फरशीवर आपले पाऊल पडते, ती बहुधा शहाबादची असते. कलबुरगी जिल्ह्यातील शहाबाद गावाच्या परिसरातून निघणारा हा करडा, सपाट दगड आळंद, हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण येथील वाड्यांत जसा आहे, तसाच तो सोलापूर, पुणे आणि मुंबई येथील घरांतही आहे. तो तेथवर पोहोचला रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६० मध्ये सोलापुरास आली, १८७१ मध्ये गुलबर्ग्यावरून रायचुरास पोहोचली आणि १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादकडे फाटा निघाला. सीमाभागाचा सारा व्यापार या लोहमार्गाच्या अंगाने वाढला. याच मार्गावरील सोलापूर शहरातील एका तरुणाने, पुढे अशाच लोहमार्गांची, बोगद्यांची आणि जलवाहिन्यांची कामे अंगावर घेऊन, वाढत्या मुंबईच्या उभारणीत मोलाचा वाटा उचलला. ते कै. शेठ वालचंद हिराचंद होत.

जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या धंद्यातील प्रवर्तक म्हणून वालचंदांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्यांचे सारे कर्तृत्व ज्या पायावर उभे राहिले, तो बांधकामाच्या कंत्राटाचा पाया मात्र बहुधा विस्मरणात जातो. ज्यांच्या हाती देवस्थानाच्या सार्वजनिक पैशाची आणि बांधकामाची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या येत असते, अशा महाजन कुटुंबांना त्यांच्या जीवनाचा हाच भाग अधिक जवळचा वाटेल, या भावनेने हा अल्प परिचय सादर करीत आहोत.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील. व्यापाराच्या निमित्ताने ते दक्षिणेत आले आणि येथील भाषेशी व जीवनाशी एकरूप झाले. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे सावकारी व कापसाचा व्यापार सांभाळून धर्मकार्यात आणि समाजसुधारणेत रमणारे गृहस्थ होते. जैन समाजासाठी ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनी सोलापुरातून सुरू केले. अशा घरात वाढलेल्या वालचंदांनी १८९९ मध्ये मॅट्रिकची परीक्षा दिली. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांचे काही शिक्षण झाले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना घरच्या पेढीवर यावे लागले. पेढी प्रतिष्ठित होती, मार्ग आखलेला होता. तथापि व्याजाच्या वहीत त्यांचे मन रमेना.

याच सुमारास श्री. लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी त्यांचा संबंध आला. फाटक हे पूर्वी कारकून होते आणि पुढे रेल्वेच्या कंत्राटी कामात शिरले होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती. वालचंदांच्या मागे पेढीची पत होती. या दोहोंच्या मिलाफातून फाटक-वालचंद ही भागीदारी जन्मास आली. जात, भाषा, व्यवसाय यांपैकी कोणतेही जुने नाते नसताना केवळ कामावरील विश्वासाने जुळलेली ही भागीदारी त्या काळात निश्चितच उल्लेखनीय होती.

त्यांच्या प्रारंभीच्या कामांपैकी एक बार्शी लाइट रेल्वेचे होते. अडीच फूट रुंदीचा हा छोटा लोहमार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाला, १९०६ मध्ये पंढरपुरास गेला आणि १९११ मध्ये निजामाच्या राज्यातील लातुरास पोहोचला. इंग्रजी मुलुखात कलदार रुपया आणि निजामी मुलुखात हाली सिक्का, अशा दोन नाण्यांच्या हिशेबात येथील व्यापाऱ्यांचे व्यवहार चालत. आपल्या वाडवडिलांना परिचित असलेल्या याच प्रदेशाच्या मातीवर या भागीदारीने पहिले धडे गिरविले.

कंत्राट म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. कामाची निविदा भरताना कंत्राटदार दर लिहून देतो आणि त्यासोबत अनामत रक्कम ठेवतो. त्यानंतर जमिनीत मुरुमाऐवजी काळा पाषाण लागला, अवेळी पाऊस झाला, धान्य महागले वा साथीच्या भयाने मजूर गावी परतले, तरी लिहून दिलेला दर सहसा बदलत नाही. मजुरांना उचल आधी द्यावी लागते. खात्याकडून बिल मात्र काम झाल्यावर, मोजमाप वहीत नोंद झाल्यावर आणि साहेबाची सही झाल्यावर मिळते. त्यातूनही काही रक्कम काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवली जाते. म्हणजे कंत्राटदार हा पुढे पैसा ओतणारा आणि मागून मिळविणारा मनुष्य. या मधल्या काळात त्याला तारून नेणारी गोष्ट एकच : त्याचा शब्द. मजुराला आठवड्याचा बाजार मिळेल, पेढीला व्याज मिळेल आणि खात्याला मुदतीत काम मिळेल, हे तीन शब्द ज्याला एकाच वेळी पाळता येतात, तोच या धंद्यात टिकतो. वालचंद टिकले.

त्यांचे खरे कार्यक्षेत्र मात्र मुंबई ठरले. १९०१ च्या खानेसुमारीत सुमारे ७ लाख ७६ हजार असलेली मुंबईची लोकसंख्या १९२१ मध्ये सुमारे ११ लाख ७६ हजारांवर गेली. १८९६ मध्ये आलेल्या प्लेगने शहराच्या कोंदट वस्त्यांचे भीषण रूप उघडे पाडले होते. त्यामुळे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, नवे रस्ते आखले गेले, बंदराच्या गोद्या वाढल्या. पुढे १९२० मध्ये सरकारने विकास खाते काढून गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. शहराला घरे, पाणी आणि लोहमार्ग या तिन्ही गोष्टी एकदमच हव्या होत्या.

कामे पुष्कळ होती. परंतु मोठी कामे परदेशी कंपन्यांकडे जात. एतद्देशीय मनुष्याने भराव घालावा, खडी पुरवावी, पोटकंत्राट घ्यावे. बोगदा आणि मोठा पूल हे मात्र साहेबाचेच काम, अशी समजूत सरकारदरबारी रूढ होती. खेदाची गोष्ट ही की आपल्या लोकांनाही ती पटलेली होती. मोठ्या कामास मोठे भांडवल, यंत्रसामग्री आणि सर्वमान्य नाव लागते, हे ओळखून वालचंदांनी टाटा उद्योगसमूहाशी हातमिळवणी केली. १९२० मध्ये फाटक-वालचंद ही भागीदारी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. स्वतःचे नाव पाटीवरून उतरवून दुसऱ्याचे नाव वर चढविणे हे कोणत्याही धंदेवाल्यास सहज रुचणारे नाही. वालचंदांनी नावापेक्षा कामाला महत्त्व दिले.

त्या कामांत भोर घाटातील बोगद्यांचे स्थान मोठे आहे. मुंबई-पुणे लोहमार्गावरील हा घाट प्रथम १८६३ मध्ये पूर्ण झाला होता. त्याचे कंत्राट इंग्लंडमधील मंडळींकडे होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्ये येथे आल्यावर अल्पावधीतच मृत्यू पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी धीराने जबाबदारी पत्करून काम पुढे चालू ठेवले. तरीही त्या मार्गात एक अडचण राहिली. घाटात एका ठिकाणी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास लावावे लागे आणि मगच उलट दिशेने चढण सुरू होई. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नवे बोगदे खोदून ही अडचण दूर करण्यात आली. त्या बोगद्यांचे काम वालचंदांच्या कंपनीने केले. १९२९ मध्ये विजेची गाडी पुण्यापर्यंत धावू लागली आणि १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. ज्या घाटाच्या पहिल्या बांधणीत या देशातील माणसे केवळ मजूर होती, त्याच घाटाच्या दुसऱ्या बांधणीत सोलापूरचा एक गृहस्थ कंत्राटदार म्हणून उभा होता. साठ-पासष्ट वर्षांत घडलेला हा पालट लहान नव्हे.

दुसरे मोठे काम तानसा तलावाच्या जलवाहिनीचे. तानसाचे धरण १८९२ मध्ये झाले होते. परंतु वाढत्या शहरास ते पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा ७२ इंच व्यासाचे, म्हणजे मनुष्य आत उभा राहू शकेल असे, प्रचंड नळ तलावापासून मुंबईपर्यंत डोंगर, ओढे आणि खाड्या ओलांडून ऐंशी-नव्वद किलोमीटर टाकावयाचे होते. जलवाहिनीच्या कामात एका सांध्याची कसूर साऱ्या शहरास भोवते. असे जोखमीचे काम वालचंदांच्या कंपनीने पार पाडले. मुंबईतील चाळीच्या सामायिक नळावर घागर भरणाऱ्या गृहिणीस कंत्राटदाराचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाणी वेळेवर आले, हेच त्या कामाचे प्रशस्तिपत्र होय.

येथे आणखी एका ऋणाचा उल्लेख न करणे अनुचित ठरेल. बोगदा कंत्राटदाराच्या नावे नोंदला जातो. पण सुरुंगाचे भोक पाडणारा, ढिगारा उपसणारा, दगड घडविणारा हात दुसऱ्याचाच असतो. दख्खनमधील अशा कामांवर वडार समाजाची आणि दुष्काळाने गाव सोडलेल्या कष्टकऱ्यांची कुटुंबे मुलाबाळांसह राबत आली आहेत. घाटाच्या पहिल्या बांधणीत साथी आणि अपघात यांनी हजारो मजूर दगावले. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. वालचंदांचे चरित्र सांगताना या अनामिकांना वगळले, तर ते चरित्र अपुरे राहील.

कंपनीची कामे पुढे मुंबई इलाख्याबाहेरही गेली. सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल हे त्यांपैकी एक. १९२६ मध्ये वालचंदांनी स्थापन केलेली कंपनी पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन या नावाने प्रसिद्धीस आली. १९३५ च्या सुमारास टाटांनी आपला भाग काढून घेतल्यावर टाटा कन्स्ट्रक्शनचे रूपांतर प्रीमियर कन्स्ट्रक्शनमध्ये झाले. आपल्या शहाबादचाही त्या काळाच्या बांधकामाशी नवा संबंध जुळला होता. तेथे सिमेंटचा कारखाना निघाला आणि १९३६ मध्ये जे दहा कारखाने एकत्र येऊन असोसिएटेड सिमेंट कंपनी बनली, त्यांत शहाबाद सिमेंटचा समावेश होता. फरशी देणारी भूमी आता सिमेंटही देऊ लागली.

कंत्राटातून मिळविलेला पैसा आणि आत्मविश्वास वालचंदांनी इतर उद्योगांत घातला. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्या वर्षी ५ एप्रिल रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. रावळगाव व वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूर येथे विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टण येथे जहाजबांधणीची गोदी आणि १९४४ मध्ये मोटारींची कंपनी त्यांनी काढली. विमानांचा कारखाना युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने आपल्या ताब्यात घेतला. गोदीही १९५२ मध्ये सरकारकडे गेली. उभारलेले हातचे जावे, हे दुःख मोठे खरे. परंतु काम पूर्ण करून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हाच तर कंत्राटदाराचा धर्म. बोगदा खोदणारा त्यात राहावयास जात नाही.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा आघात झाला आणि पुढील वर्षी त्यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीने बांधलेला वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला.

देवस्थानाचा जीर्णोद्धार, सभामंडप, भक्तनिवास अशी कामे महाजनांसमोर वेळोवेळी येतात. तेथेही निविदा असते, अनामत असते, मोजमाप असते. आणि पैसा असतो तो भाविकाने पदरच्या गाठीतून सोडून दानपेटीत टाकलेला. त्या प्रत्येक पैशाचे मोजमाप वहीत उतरावे, मजुराची मजुरी उत्सवापूर्वी चुकती व्हावी, ठरल्या मुदतीत काम देवाच्या व समाजाच्या स्वाधीन व्हावे आणि पाटीवर कोणाचे नाव लागते याचा वाद त्यापुढे गौण ठरावा, एवढा बोध या चरित्रातून घेता आला, तरी पुष्कळ झाले. सोलापूरच्या या थोर सुपुत्राच्या, आणि त्यांच्या कामांवर राबलेल्या अनामिक हातांच्या, पावन स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.