लुई ब्रेल : स्पर्शलिपी आणि स्वाधीनता

लुई ब्रेल यांचे नाव सामान्यतः अंधांच्या ग्रंथवाचनाशी निगडित केले जाते. तथापि त्यांच्या लिपीचे मर्म ग्रंथालयापेक्षा स्वयंपाकघरात अधिक स्पष्टपणे प्रत्ययास येते. मिठाच्या व साखरेच्या डब्यांवर उठावदार टिंबांच्या चिठ्ठ्या डकवल्या की अंध व्यक्तीला दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागत नाही. शिवाय त्या चिठ्ठ्या तिने स्वतःच लिहिलेल्या असू शकतात. यातील दुसरी गोष्ट ब्रेल यांच्यापूर्वी जवळजवळ अशक्य होती.

ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे या गावी झाला. वडील खोगिरे व घोड्यांचे साज बनवीत. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कामाच्या जागी खेळत असताना टोकदार हत्यार डोळ्यात घुसले. संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास दृष्टी पूर्णपणे गेली. गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर शिकून १८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले.

तेथे शाळेचे संस्थापक व्हॅलेंटिन हाउई यांची पद्धती रूढ होती. जाड कागदावर उठविलेली रोमन अक्षरे बोटांनी चाचपून वाचावयाची. ग्रंथ अवजड, वाचन संथ आणि लेखन विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे. १८२१ मध्ये शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याची टिंबांची लेखनपद्धती शाळेत आली. तिच्यात बारा टिंबे होती. बोटाच्या एका स्पर्शात ती मावत नसत आणि ध्वनीवर आधारलेली असल्याने शुद्धलेखनाला तिच्यात स्थान नव्हते. ब्रेल यांनी टिंबे सहावर आणली. त्यांच्या त्रेसष्ट रचनांत अक्षरे, विरामचिन्हे व संगीतलिपीही सामावली. १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, हा आराखडा सिद्ध झाला. १८२९ मध्ये तो प्रकाशित झाला.

पुढे त्याच शाळेत ते अध्यापक झाले. चर्चमध्ये ऑर्गनवादनही करीत. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडील, हा तत्कालीन शिक्षकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. त्याची दखल घेऊनच ब्रेल यांनी १८३९ मध्ये टिंबांनी रोमन अक्षरांचे आकार रेखण्याची निराळी पद्धती प्रसिद्ध केली. अंधाने डोळसाला पत्र लिहावे, हा तिचा हेतू. तरीही १८४० नंतर काही काळ सहा टिंबांची लिपी वर्गातून हद्दपार झाली. विद्यार्थ्यांनी ती आपापसांत जिवंत ठेवली. १८४४ मध्ये शाळेच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल क्षयाने निवर्तले. शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

भारतात निरनिराळ्या ब्रेल पद्धतींची स्पर्धा संपून १९५१ मध्ये सर्व भाषांसाठी भारती ब्रेल मान्य झाली. तिच्यात समान ध्वनींना समान चिन्ह असते आणि स्वर व्यंजनापुढे ओळीने लिहिला जातो. त्यामुळे ‘मीठ’ तीन चिन्हांत आणि ‘साखर’ चार चिन्हांत मावते. पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टिंबे उठवावीत, कागद उलटून डब्यावर चिकटवावा, एवढेच काम. ग्रंथासाठी मुद्रणालय लागते. या चिठ्ठीसाठी कोणाचीच अनुमती लागत नाही. लिपी ज्याची त्याच्या हाती देणे, हेच ब्रेल यांचे खरे कार्य होय.