पाच वर्षांची कारकीर्द

इटालियन नववास्तववादी चित्रपटांची चर्चा निघाली, की व्हित्तोरिओ द सिका, लुकिनो व्हिस्कोंती ही नावे ओघाने येतात. ज्यांनी ही दृश्ये प्रकाशात आणली, ते छायालेखक मात्र विस्मरणात जातात. जी. आर. आल्दो या नावाने ओळखले गेलेले आल्दो ग्रात्सियाती त्यांपैकीच एक.

१ जानेवारी १९०५ रोजी व्हेनेतो प्रांतातील स्कोर्झे येथे त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते फ्रान्सला गेले आणि तेथील चित्रपटसृष्टीत स्थिरचित्रण करू लागले. झाँ कोक्तो यांच्या १९४६ सालच्या 'ब्युटी अँड द बीस्ट'ची स्थिरचित्रे त्यांनी टिपली. कथापटाची पूर्ण जबाबदारी मात्र चाळिशी उलटल्यावरच लाभली. व्हिस्कोंतींनी 'ला तेर्रा त्रेमा'साठी (१९४८) त्यांना सिसिलीतील आची त्रेत्सा या कोळ्यांच्या गावी नेले. कलावंत गावातलेच, भाषा तिथलीच. पहाटेच्या काळोखात परतणाऱ्या होड्यांचे दिवे, दारातल्या माणसापासून दूरच्या समुद्रापर्यंत सारे सुस्पष्ट राखणारी चौकट. पदार्पणात एवढी प्रगल्भता दुर्मीळच.

पुढे द सिकांच्या 'मिरॅकल इन मिलान'मध्ये (१९५१) थंडीने गारठलेली गरीब माणसे उन्हाच्या सरकत्या कवडशामागे धावतात. ऊनच तिथे एक पात्र होते! १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. त्याच वर्षीच्या 'उंबेर्तो डी'मध्ये मोलकरीण सकाळी उठते, चूल पेटवते, कॉफी दळते. घडत काहीच नाही. तरीही त्या स्वयंपाकघरातला करडा उजेड तिचे एकाकीपण सांगून जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते आल्दोंची सर्वोत्तम कामगिरी हीच. ऑर्सन वेल्स यांच्या 'ऑथेल्लो'च्या छायालेखकांतही त्यांचा समावेश होता.

कृष्णधवलाच्या या जाणकाराच्या हाती १९५३ मध्ये व्हिस्कोंतींचा 'सेन्सो' हा टेक्निकलर चित्रपट आला. चित्रीकरण सुरू असतानाच, नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. उरलेले काम आधी 'द थर्ड मॅन'चे छायालेखक रॉबर्ट क्रास्कर यांनी केले आणि आल्दोंचे सहकारी ज्युझेप्पे रोतुन्नो यांनी ते पूर्णत्वास नेले. रोतुन्नोंनी पुढे 'द लेपर्ड' (१९६३) चित्रित केला. तर आची त्रेत्सात आल्दोंचा कॅमेरा चालवणारे जान्नी दी व्हेनान्झो त्याच वर्षी फेलिनींच्या 'साडेआठ'चे छायालेखक होते.